त्या बाजाराचं तिकीट

शामलाबाईंना इतवारी हा शब्द म्हणता येत नसे. जिभेत काही दोष नव्हता; बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी त्या खडखडीत म्हणत. तेवढा एकच शब्द ओठांपर्यंत आला की त्या थांबत, भलतीकडे बघत आणि मग त्याला वळसा घालून पुढे जात.

नागपुरात राहायचं आणि इतवारी म्हणायचं नाही, हे व्रत सोपं नाही. शहराचं धान्य, किराणा, कापड, भांडी, लग्नाचा बस्ता आणि मयताचं सामान असं सगळं इतवारीतून येतं. तिथल्या रेल्वे स्टेशनाचं नाव इतवारी. आणि रविवारालाही नागपूरचा माणूस इतवारच म्हणतो. शामलाबाईंनी तिघांचाही बंदोबस्त केला होता. बाजार म्हणजे 'तो बाजार', स्टेशन म्हणजे 'धाकलं टेशन' आणि वार म्हणजे 'सुटीचा दिवस'. घरच्यांना सवय झाली होती. अडचण यायची ती फक्त सिटी बसमध्ये.

"कोठचं तिकीट, बाई?"

"त्या बाजाराचं."

"कोणत्या? कॉटन मार्केट?"

"त्याच्या पुढच्या."

"महाल?"

"अजून थोडं सामोर."

त्या मार्गावर मुरलेले कंडक्टर पुढे पुढे न विचारताच तिकीट फाडू लागले. त्यांच्यात ताराचंद नावाचा एक जण थट्टेखोर होता. बाई, एकदा म्हणून दाखवा, तिकीट माझ्याकडून, असं तो भरल्या बसमध्ये म्हणे. एकदा शामलाबाई त्यावर खाली उतरल्या आणि उन्हातून चालत गेल्या. त्यानंतर ताराचंदनं थट्टा सोडली. समोरचा चिडेल या भरवशावर माणूस थट्टा करतो. चालत जाईल याची तयारी त्याच्याकडे नसते.

सगळ्यात जास्त नवल वाटे ते त्यांच्या नवऱ्याला, चंद्रभानला. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर विहारातल्या दादाजींनी बायाबापड्यांना समजावलं होतं की नवऱ्याचं नाव न घेणं ही जुनी गुलामी आहे, ती सोडा. दादाजी मिलमध्ये तारवाले होते, म्हणजे तुटलेलं सूत जोडणारे; वस्तीत वाचलेला माणूस म्हणून त्यांचा शब्द चाले. शामलाबाईंनी तो फारच मनावर घेतला. त्या सासूच्या देखत 'चंद्रभान' अशी हाक मारत आणि ती नाल्याच्या पार ऐकू जाई. चंद्रभान म्हणायचा, "माह्यं नाव साऱ्या नागपूरले ऐकवते, अन् त्या छत्तीसगढनीचं नाव घ्याले तुले काय होते वं?"

यावर शामलाबाईंचं उत्तर ठरलेलं होतं. तू नवरा होय, ती भोजली होय.

*

नालापार ही मिलच्या मागच्या नाल्यापलीकडची वस्ती. नकाशावर तिथं गवत दाखवलेलं होतं. मिलचा भोंगा जिथवर ऐकू जाई तिथवर माणसं राहायला आली, एवढंच तिचं नगरनियोजन. आधी पवनीकडचे कोष्टी आले. मिलच्या कापडानं त्यांचे हातमाग बंद पाडले होते, तेव्हा ते मिलमध्येच कामाला लागले. ज्यानं घर मोडलं त्याच्याकडेच चाकरी, असा तो सरळ हिशेब. मग उमरेड-कुहीकडची माणसं आली, त्यांत चंद्रभानचा बाप. या लोकांनी छप्पन साली धम्म घेतला आणि ओळीच्या तोंडाशी टिनाचं विहार बांधलं. मग तेलंगी गवंडी आले. शेवटी, अगदी नाल्याच्या काठाला, दुर्ग-राजनांदगावकडचे छत्तीसगढी. त्यांची एक गल्लीच झाली. एक आला की पुढच्या सालात त्याचा भाऊ येई, मग भावाचा साळा, मग साळ्याच्या गावचे. प्रत्येक गल्ली आपल्या नंतरच्या गल्लीला बाहेरची म्हणत असे. त्याचं मापही सोपं होतं: आपण आल्यावर जो आला तो बाहेरचा.

या मापात समारू नावाच्या माणसाचं जरा अवघडच झालं. तो पंचावन्न साली दुर्गकडच्या एका खेड्यातून मिलमध्ये गठाणी उचलायला आला, तेव्हा नागपूर त्याच्याच प्रांताची राजधानी होती. आपल्याच राजधानीत आलेल्या माणसाला कोणी परका म्हणत नाही. वर्षभरानं राजधानी भोपाळला गेली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आणि समारू गठाण उचलता उचलता जागच्या जागी परप्रांतीय झाला. त्याला हे बरेच दिवस कोणी सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मी तर हललोच नाही.

समारूनं एकसष्ट साली बायकोला बोलावून घेतलं; लहान मुलगी गावी आजीपाशीच राहिली. गावच्या एका माणसाबरोबर तिला दुर्गहून पॅसेंजरमध्ये बसवायचं आणि तिनं नागपूरच्या मोठ्या स्टेशनावर उतरायचं असा निरोप होता. तो माणूस आपल्या कामासाठी गोंदियालाच उतरून गेला. बाई एकटी, मांडीवर बोचकं, जन्मात पहिल्यांदा आगगाडीत. मोठ्या स्टेशनाच्या आधी एक स्टेशन लागलं. गाडी थांबली आणि बाहेरून एक माणूस मोठ्यानं हाका मारत आला: इतवारी, इतवारी.

बाई बोचकं घेऊन खाली उतरली. तिचं नाव इतवारी होतं.

तिकडं जन्मवाराचं नाव ठेवायची रीत आहे. सोमवारचा समारू, बुधवारचा बुधारू, रविवारची इतवारी. एवढ्या लांब, एवढ्या गर्दीत, उतरल्या उतरल्या कोणीतरी आपलं नाव घेऊन बोलावतो याचा तिला धीर वाटला. हाका मारणारा हमाल पुढच्या डब्याकडे गेला तशी ती त्याच्या मागे गेली. तो तिसऱ्या डब्याकडे गेला, ती तिथंही गेली. मग गाडी सुटली, हमाल विडी पेटवून बसला आणि ही त्याच्यासमोर उभी राहिली, पुढचं काय ते तो सांगेल म्हणून.

हा सगळा प्रकार शामलाबाई बघत होत्या. त्या उमरेडच्या छोट्या गाडीनं येणाऱ्या सासूला उतरवून घ्यायला आल्या होत्या. सासू आली नव्हती. त्यांनी या बाईला विचारलं, कोणाकडं जायचं, काहून उभी आहेस. बाईनं सांगितलं की मला या माणसानं नाव घेऊन बोलावलं, आता बोलतच नाही. नाव कोणतं ते तिनं सांगितलं. शामलाबाईंना तिसरीपर्यंतची अक्षरं येत होती. त्यांनी फलाटावरच्या पाटीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "हे पाह्य. तुह्यंच नाव लिवलं आहे."

इतवारीनं पाटीकडं बघितलं आणि पदर नीट केला.

हातावरचं गोंदण बघून शामलाबाईंनी अंदाज बांधला आणि तिला नालापारच्या छत्तीसगढी गल्लीत आणून सोडलं. छत्तीसगढी माणसं राहतात अशी दुसरी जागा त्यांना माहीतच नव्हती. नशिबानं तीच बरोबर निघाली. समारू दिवसभर मोठ्या स्टेशनावर येईल ती गाडी धुंडाळून संध्याकाळी तोंड पाडून परत आला तेव्हा त्याच्या चुलीवर भात शिजत होता. तिकडे चंद्रभाननं विचारलं, बुढी कोठं आहे? शामलाबाई म्हणाल्या, बुढी नाही आली, एक छत्तीसगढीन आली. सौदा काही वाईट नाही, असं चंद्रभान हळूच म्हणाला.

*

पुढं दोघी मिलमध्ये, सुताच्या लडी करायच्या रीलिंग खात्यात, शेजारी शेजारी लागल्या. शामलाबाईंचं तिसरं बाळंतपण बिघडलं, दवाखान्यात पडून राहावं लागलं, तेव्हा घरची लेकरं इतवारीच्या घरी पेज पिऊन वाढली. बहिणीनं केलं नसतं असं काही तिनं केलं नाही. पण ती बहीण नव्हती, ही शामलाबाईंना अडचण वाटू लागली. इतवारीच्या मुलखात त्यावर उपाय होता.

श्रावणात टोपलीत गहू पेरायचे, अंधारात वाढवायचे, म्हणजे पिवळीधमक रोपं येतात. तीच भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी बाया ती टोपली डोक्यावर घेऊन गात तळ्यावर जातात, रोपं शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात, आणि थोडी वाचवून आणतात. ज्या दोघींना नातं जोडायचं त्या एकमेकींच्या कानावर ती रोपं खोवतात. मग त्या एकमेकींच्या भोजली. सुखाला, दुःखाला, मयतीला एकमेकींच्या दारात. आणि त्या दिवसापासून एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, मरेपर्यंत. नाव घेतलं की नातं सुटलं. हाक मारायची तर भोजली म्हणून.

प्रश्न असा आला की दीक्षा घेतलेल्या बाईला हे चालतं का. विहारात त्यावर बैठक झाली. काही जण म्हणाले की टोपली डोक्यावर घेणं म्हणजे देवी डोक्यावर घेणं. दादाजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, टोपलीत काय असते? गहू, असं उत्तर आलं. दादाजी म्हणाले, गहू देव नाही, गहू खाता येतो. शामलानं जावं, फक्त हात जोडू नये. शामलाबाई टोपली दोन्ही हातांनी घट्ट धरून तळ्यावर गेल्या आणि तशाच परत आल्या, म्हणजे हात जोडायला मोकळेच राहिले नाहीत. ती वस्तीतली बहुधा एकमेव भोजली असेल जी दोन्ही बाजूंनी नियमात बसली.

त्यानंतर रोज सकाळी नाल्याच्या पुलावर भेट झाली की एक म्हणे, "सीताराम भोजली," आणि दुसरी म्हणे, "जयभीम भोजली." दोघींनाही त्यात काही वावगं दिसत नसे. ऐकणाऱ्यांना दिसे, पण त्यांनी विचारलेलं नव्हतं.

इतवारीला शामला हे नाव गिळणं सोपं होतं. त्या नावाचा नागपुरात बाजार नव्हता. शामलाबाईंच्या वाट्याला मात्र अर्धं शहर आलं. त्यांनी ते तक्रार न करता गिळलं.

दिवस गेले. रीलिंग खात्यात नवी यंत्रं आली. त्या यंत्रांना बाया लागत नव्हत्या. शामलाबाई विड्या वळू लागल्या, इतवारी घमेली उचलायला बांधकामावर जाऊ लागली. समारूच्या छातीत रुई साठत गेली आणि तो सत्तर साली गेला. मुलगी भिलाईला दिलेली होती. भाऊ न्यायला आला, गावात खोली आहे, धान आहे, चल म्हणाला. इतवारी गेली नाही. तिकडं माझ्या नावाचं काय आहे, असं तिनं भावाला विचारलं. भावानं विचार केला, आणि खरंच काही नव्हतं. इथं निदान एक स्टेशन होतं.

नावाचं आणखी एक होतं. छत्तीसगढी गल्लीत बाईला तिच्या माहेरच्या गावानं ओळखत. गल्लीला ती धमधावाली होती, बांधकामावर आणि किराण्याच्या दुकानात ती छत्तीसगढीन होती. समारू गेल्यावर तिला खऱ्या नावानं ओळखणारं नालापारमध्ये एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाला ते घेता येत नव्हतं.

*

दिवाळी झाली की छत्तीसगढी गल्ली रिकामी होई. आपापल्या गावी धान कापायला सगळे जात, कापून, झोडपून, वाट्याचं पोतं घेऊन पौषात परत येत. दारांना कुलपं आणि गल्लीच्या तोंडाशी बुधारू नावाचा एक बहिरा म्हातारा राखणीला. त्याला काही ऐकू येत नसल्यानं चोरांची त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती. इतवारी जाताना किल्ली शामलाबाईंकडे देई. पंचाहत्तर सालीही दिली. किल्ली हातात ठेवत म्हणाली, "घर तुझ्या भरवशावर, भोजली."

"जाय निवांत. घर काही कोठं पळून राहिलं नाही," शामलाबाई म्हणाल्या.

ते वर्ष शहर सुंदर करण्याचं होतं. नाल्याच्या काठानं रुंद रस्ता काढायचं ठरलं. ज्यांची झोपडी रस्त्यात जाते त्यांना गावाबाहेर जागा मिळणार होती, पण ती खऱ्या राहणाऱ्याला. कुलूप असलेल्या घराबाबत शेजाऱ्यानं कोणाचं ते सांगायचं, नाही तर घर बेवारशी. हे दवंडी पिटून सांगितलं गेलं, आणि चारच दिवसांनी एक साहेब आपल्या माणसांसह गल्लीत आले. धान कापणीच्या ऐन भरात.

साहेब तरुण होते, सभ्य होते, आणि पुण्याकडचे होते. नागपुरात येऊन त्यांना सहा महिने झाले होते. पण ते सरकारी नोकरीत आल्यामुळे त्यांना कोणी बाहेरचे म्हणत नसे. शामलाबाई सकाळपासून इतवारीच्या दारात किल्ली घेऊन उभ्या होत्या. काय होणार हे त्यांना कळलं होतं. साहेब नाव विचारतील. नाव सांगितलं तर भोजली सुटेल. नाही सांगितलं तर भोजलीचं घर सुटेल. आदल्या दिवशी त्या दादाजींकडे जाऊन आल्या होत्या. दादाजींनी सांगितलं की कायद्यात नाव लागतं, नातं लागत नाही. चंद्रभान म्हणाला, तिचं नाव मी सांगतो, मले काय होते? पण त्या आठवड्यात त्याची पाळी सकाळची होती, आणि मिल साहेबांसाठी थांबत नव्हती.   तो पाळीवर निघून गेला.

"हे घर कोणाचं, बाई?" साहेबांनी विचारलं.

"माह्या भोजलीचं. धान कापाले गेली. हे पाहा, किल्ली माह्यापाशी आहे."

"भोजली म्हणजे?"

शामलाबाईंनी भोजली म्हणजे काय ते सांगितलं. गहू, टोपली, कान. साहेबांनी ते शांतपणे ऐकलं. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "ते ठीक आहे. पण मला नीट सांगा. नाव काय, राहणारी कुठली?"

शामलाबाईंनी किल्ली मुठीत धरली.  बारा वर्षं हा शब्द त्यांनी बाजारातून, बसमधून, वारातून उचलून बाजूला ठेवला होता, आणि तो तसाच्या तसा, कोरा करकरीत, तिथं होता. त्यांनी नाल्याकडे तोंड केलं.

"इतवारी," त्या म्हणाल्या.

आभाळ कोसळलं नाही. नाल्यात म्हशी बसल्या होत्या त्या बसूनच राहिल्या.

"इतवारी?" साहेबांनी विचारलं. पुण्याच्या माणसाला वाराच्या नावाच्या पेठा तोंडपाठ असतात. वार म्हटला की त्याला घराचा पत्ताच दिसतो. "नक्की?"

शामलाबाईंनी मान हलवली.

"केव्हापासून?"

हा प्रश्न शामलाबाईंना विचित्र वाटला. पण साहेब पुण्याचे होते. "जलमापासून, साहेब," त्या म्हणाल्या.

"आणि नाव?"

ते तर आत्ताच दिलं होतं. पुन्हा घ्यायला लावतात की काय म्हणून शामलाबाई नुसत्या बघत राहिल्या. तेवढ्यात बुधारू म्हातारा पुढे झाला. साहेबांचं बोट कुलपाकडे आहे एवढं त्याला दिसलं, आणि कोणाचं म्हणून विचारतात हे त्यानं ओळखलं. तो बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "धमधावाली."

साहेबांचं समाधान झालं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं: धमधाबाई, राहणार इतवारी, जन्मापासून. येथे कुलूप लावून जागा अडवलेली आहे. अर्थात त्यांनी ते मोठ्यानं वाचलं नाही. त्यांनी शामलाबाईंना धन्यवाद दिले, जे नालापारमध्ये कोणी कोणाला देत नसे, आणि पुढच्या कुलपाकडे गेले.

शामलाबाई घरी आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. नातं गेलं होतं, पण घर राहिलं होतं. भोजली आली की पाया पडून सांगू, पुन्हा गहू पेरू, असा त्यांनी विचार केला. दोन वेळा पेरलेलं चालतं की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. त्या रात्री त्या जेवल्या.

*

पंधरवड्यानं पाडापाडीला गाडी आली तेव्हा त्या निवांत बघायला गेल्या होत्या. कोणाकोणाचा मुलगा किंवा दीर गल्लीत मागे राहिला होता, त्यांची घरं साहेबांच्या कागदावर होती. ती नंतर पाडायची, आधी जागा द्यायची. बाकीची लगेच. मुकादमानं इतवारीच्या दारावर खडूनं फुली मारली.

"हे नाही, भाऊ," शामलाबाई म्हणाल्या. "याचं नाव देलं मी."

मुकादम कागद बघून म्हणाला की या बाईचं घर इतवारीत आहे, जन्मापासून आहे, शेजारणीनंच सांगितलं. दोन-दोन जागा अडवायच्या आणि वरून जागा मागायची हे बरं नाही.

शामलाबाईंना समजायला जरा वेळ लागला. मग समजलं.

"ते घर नाही, नाव होय तिचं."

"कोणतं?"

"इतवारी. इतवारी नाव होय तिचं."

"इतवारी," मुकादम म्हणाला. "अन् माझं सीताबर्डी."

माणसं हसली. हसण्यासारखंच होतं ते. शामलाबाईंनी मुकादमाची बाही धरली. आता राखायचं काहीच नव्हतं, तेव्हा त्यांनी ते नाव पुन्हा घेतलं, मोठ्यानं घेतलं, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात घेतलं: इतवारी, इतवारी, जसा फलाटावरचा हमाल डब्याडब्याशी म्हणत जातो तसं. बाकीच्या गल्ल्या जमल्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. बाजारात काय झालं म्हणून ही बाई ओरडून राहिली, असं तेलंगी गवंड्यांनी एकमेकांना विचारलं. बुधारू म्हातारा समोरच होता. त्याला ओठ हलताना दिसले.

भिंत मातीची होती, एका धक्क्यात बसली. कुलूप शाबूत राहिलं, चौकटीसकट. ते शामलाबाईंनी घरी आणलं. किल्ली होतीच.

दादाजींनी अर्ज लिहायचं म्हटलं. त्यासाठी बाईचं नाव इतवारी असल्याचा पुरावा पाहिजे होता. मिलच्या हजेरीत ती समारूबाई होती. दादाजींनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "एका टेशनावर पाटी आहे, पण ते चालत नाही." त्यांना थट्टा करायची नव्हती.

*

इतवारी पौषात आली. डोक्यावर तांदळाचं पोतं, हातात भोजलीसाठी नव्या धानाचे पोहे. पुलावरूनच तिला गल्ली दिसली, म्हणजे दिसली नाही. ती येऊन आपल्या घराच्या जागी उभी राहिली. चूल ओळखू येत होती. तिथं ती पोत्यावर बसली. शामलाबाई धावत आल्या. काय सांगायचं ते त्यांनी महिनाभर घोकलं होतं, पण इतवारीनंच आधी विचारलं.

"साहेब काय पूछला?"

"नाव पुसलं."

"माझं?"

शामलाबाईंनी मान हलवली, आणि मग त्यांना रडू फुटलं, इतकं की पुढचं वाक्य बाहेरच येईना. इतवारी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला उमगलं. म्हणजे तिला वाटलं की उमगलं. तिनं शामलाबाईंचं तोंड आपल्या पदरानं पुसलं.

"नाव नाही घेतली ना तू," ती म्हणाली. "बने केली, भोजली. घर तर माटीचं होय."

बने म्हणजे चांगलं. तिच्या बोलीतून नागपुरात टिकून राहिलेल्या थोड्या शब्दांपैकी तो एक होता.

शामलाबाईंनी तोंड उघडलं. इतवारी पोह्यांची पुरचुंडी सोडत होती. घर नव्हतं, आता फक्त हे एवढं होतं, आणि तेही हातातून काढून घ्यायचं असेल तर बोलायचं.  त्यांनी पोहे घेतले.

ती गोष्ट मग सगळ्या छत्तीसगढ्यांत पसरली. पारडीपुढच्या नव्या जागेत गेलेल्यांनी तिकडं नेली, गावी गेलेल्यांनी गावी. बौद्धाच्या बाईनं साहेबासमोर उभं राहून भोजलीचं नाव घेतलं नाही, घर जाऊ दिलं पण नाव घेतलं नाही. अनोळखी बाया पुलावर थांबून शामलाबाईंना 'सीताराम' म्हणू लागल्या. विहारात कोणीतरी म्हणालं की शब्द पाळावा तर असा. दादाजी त्या वेळी चष्मा पुसत होते, ते बराच वेळ पुसत राहिले.

इतवारी महिनाभर शामलाबाईंच्या घरी राहिली. चंद्रभाननं पडवीला बांबूच्या ताटव्याचा आडोसा करून दिला. मग भिलाईहून जावई आला. पोरीकडं राहणं तिला पसंत नव्हतं, पण आता पसंती विचारणारं कोणी नव्हतं. धाकल्या स्टेशनावर दोघी गेल्या. गाडीत बसल्यावर इतवारीनं शेजारच्या बाईला खिडकीतून शामलाबाई दाखवल्या आणि सगळी हकीकत सांगायला लागली, साहेब कसा होता, काय म्हणाला, जणू ती तिथंच होती. शेजारच्या बाईनं खिडकीतून हात काढून शामलाबाईंच्या हाताला लावला आणि तो आपल्या कपाळाला लावला. फलाटावर हमाल त्याचं काम करत फिरत होता, डब्याडब्याशी तो शब्द म्हणत. त्याला कोणी काही म्हणालं नाही.

"जयभीम भोजली," गाडी हलल्यावर इतवारी म्हणाली. पहिल्यांदाच तिनं तसं म्हटलं.

"सीताराम," शामलाबाई म्हणाल्या.

नाल्याकाठचा रस्ता पुढे झाला नाही. नकाशावर आहे. गल्लीच्या जागी गवत उगवलं, म्हणजे जुना नकाशा शेवटी खरा ठरला.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी, लेकीच्या लग्नाचा बस्ता घ्यायचा म्हणून शामलाबाई सिटी बसमध्ये चढल्या. ताराचंद निवृत्त झाला होता. कंडक्टर नवा पोरगा होता, घाईत होता.

"कुठं, बाई?"

"त्या बाजाराचं द्या."

"कोणत्या बाजाराचं? नाव सांगा ना."

शामलाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मागच्या माणसानं काहून अडवून ठेवलं म्हणून कुरकुर केली. पोरानं पुन्हा विचारलं.

"शेवटच्या थांब्याचं द्या," त्या म्हणाल्या.

बस त्या बाजारावरून पुढे गेली. शामलाबाई शेवटच्या थांब्याला उतरल्या आणि पिशवी काखेत धरून मागे चालत आल्या.